ओरिजिनल नावाची फाइल

डोंबिवलीचं आमचं घर तळमजल्यावर होतं आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट सोसायटीच्या पार्किंगमध्ये उघडायची. आईला ती खिडकी म्हणजे जन्माची कटकट वाटायची. आत मिरचीची फोडणी पडली की बाहेर स्कूटर पुसणारा माणूस शिंकायचा, आणि बाहेर कोणी गाडी रेझ केली की आईची साय काळी व्हायची. मला मात्र ती खिडकी फार सोयीची होती. तिच्यातून पाना-पक्कड बाहेर जायची, चहा बाहेर जायचा, आणि लॅपटॉपची बॅटरी संपली की एक्स्टेन्शनची वायर बाहेर जायची. त्या वायरवरून आई अडखळली की माझा आणि माझ्या सगळ्या मित्रांचा एकत्र उद्धार व्हायचा. बाबा तेव्हा आतल्या खोलीत पेपर वाचत असायचे आणि पेपर खाली न करताच सांगायचे, "केदार, तिसऱ्या गाडीचा आवाज बरोबर नाही. इंजेक्टर बघा." बाबा एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. यंत्राचा आवाज ऐकून त्याची तब्येत सांगणं ही त्यांची रोजची नोकरीच होती, त्यामुळे आम्ही निमूटपणे तिसऱ्या गाडीकडे वळायचो.

आम्ही सहा-सात जण होतो. सगळे पंचविशीच्या आसपास, नोकरीला नुकते लागलेले, आणि सगळ्यांकडे एकाच जातीचं छोटं डिझेल इंजिन असलेल्या गाड्या. त्या इंजिनाला एक कॉम्प्युटर असतो, ईसीयू म्हणतात त्याला. किती वेगाला किती डिझेल द्यायचं, टर्बोने हवा किती ढकलायची, इंजिन तापलं तर कधी आवरतं घ्यायचं, हे सगळं त्याच्यात आकड्यांच्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. ते तक्ते लॅपटॉपवर काढून घ्यायचे, आकडे बदलायचे आणि परत गाडीत भरायचे, हा आमचा रविवारचा उद्योग. आता हे लिहिताना हसू येतं. माझी आजची गाडी रात्री उभ्या उभ्या स्वतःच सॉफ्टवेअर बदलून घेते आणि सकाळी मला फक्त कळवते. तेव्हा एका गाडीची फाइल भरायला पाऊण तास लागायचा आणि तेवढा वेळ आम्ही बॉनेटभोवती श्वास रोखून उभे राहायचो. मध्येच वायर हलली तर गाडी कायमची मुकी व्हायची.

फाइल भरण्याचं काम जगदीश करायचा. त्याचं विठ्ठलवाडी स्टेशनजवळ दुकान होतं, मोबाइल आणि गाड्यांचं इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करण्याचं. आमच्या सगळ्यांत गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारी केबल फक्त त्याच्याकडे होती आणि ती वापरायची अक्कलही त्याच्याकडेच होती. रविवारी तो येताना घरून दालपक्वान आणायचा, स्टीलच्या डब्यात डाळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले कडक पक्वान. पहिल्यांदा आईने ते दोन बोटांत धरून बघितलं होतं. तिसऱ्या रविवारी ती खिडकीतून विचारायला लागली, "आला का रे जगदीश?" आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात कधी चकली, कधी आंब्याचं लोणचं भरायची. जगदीशच्या आईला ते लोणचं आवडायचं म्हणे. दोघी एकमेकींना भेटल्या नव्हत्या, पण डब्यांतून त्यांची चांगली ओळख झाली होती.

आमची एकच अडचण होती, प्रत्येकाला वाटायचं की आपलीच फाइल सर्वांत भारी. गोडा मसाला जसा प्रत्येक घरात वेगळा आणि प्रत्येक घरात तोच खरा, तसं. फाइली पेनड्राइव्हवरून या खिशातून त्या खिशात फिरायच्या. नावं काय तर 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल', आणि कल्याणच्या प्रसादची 'आईशप्पथ फायनल'. कोणी काय बदललं, का बदललं, कुठेही लिहिलेलं नसायचं. या सगळ्या गोंधळात एकाच फाइलवर सगळ्यांचा विश्वास होता. तिचं नाव 'ओरिजिनल'. कंपनीतून आली तशी, कोणी हात न लावलेली. नवं काही करायचं तर तिच्यावरून सुरुवात करायची आणि काही बिघडलं तर तीच परत भरायची. तिच्यावर कुणाला शंका नव्हती, आणि घात तिथेच झाला.

त्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन मी माळशेज घाट चढत होतो. भर दुपार, एसी चालू, आणि अर्ध्या चढावर गाडीचा दमच गेला. इंजिन तापत आलं की कॉम्प्युटर डिझेल कमी करतो, ते त्याचं कामच आहे. पण मागे भाजीचा टेम्पो हॉर्न मारत होता आणि शेवटी तो मला ओलांडून गेला. भाजीचा टेम्पो! मला इतकं लागलं की घरी येऊन मी त्याच संध्याकाळी फाइल उघडली आणि तापमानाच्या मर्यादेचा आकडा वाढवून टाकला. किती वाढवायचा याचा काही हिशेब केला नव्हता. हाताला सवय होती म्हणून एकशे सत्तावीस टाकला. एकशे सत्तावीस हा बाबांचा कंपनीतला हजेरी नंबर. लहानपणापासून माझ्या सायकलच्या कुलुपाला तोच, कपाटाला तोच, कॉम्प्युटरलाही तोच. मग फाइल सेव्ह केली. वेगळ्या नावाने सेव्ह करायची राहिली. नंतर लक्षात आलं की 'ओरिजिनल'च आता ओरिजिनल उरलेली नाही, पण जगदीशकडे चांगली प्रत आहे, त्याच्याकडून घेऊ, असं म्हणून विसरलो. पुढच्याच आठवड्यात जगदीशचा लॅपटॉप बसला, सगळं पुसलं गेलं, आणि त्याने फोन करून विचारलं, "केद्या, ओरिजिनल आहे ना तुझ्याकडे?" मी पेनड्राइव्ह दिला. खोटं बोललो नाही, आठवलंच नाही. या वाक्याने मी पुढे स्वतःची बरीच समजूत काढली.

पुढच्या काही आठवड्यांत सगळ्यांनी आपापल्या फाइली जगदीशकडच्या त्याच 'ओरिजिनल'वरून नव्याने केल्या. प्रसाद त्याच्या आईला आणि बहिणीला घेऊन नाशिकला निघाला होता. घरची माणसं गाडीत म्हणून त्याने शहाणपणा केला. 'आईशप्पथ फायनल' काढून टाकली आणि जगदीशला सांगून गाडीत 'ओरिजिनल' भरून घेतली. कसारा घाटात त्याच्या रेडिएटरचा पाइप फुटला. एरवी गाडीने आपोआप दम कमी केला असता, त्याला कळलं असतं, तो बाजूला थांबला असता. गाडीने काहीच केलं नाही. ती तशीच जोरात चढत राहिली आणि वळणावर इंजिन जागच्या जागी जाम झालं. मागून ट्रक येत होता. ट्रकवाल्याने स्टीअरिंग फिरवलं म्हणून तिघं वाचले. प्रसादची आई त्यानंतर कितीतरी महिने कोणाच्याच गाडीत बसली नाही.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये पहिल्यांदाच एकही बॉनेट उघडलं नव्हतं. चिडला की प्रसादची आगरी बोली वर यायची. तो जगदीशच्या अंगावर धावून गेला, "माजी आय होती रं गारीत! ओरिजिनल टाक बोललो मी तुला. काय टाकलंस?"

"ओरिजिनलच टाकली भाई," जगदीश म्हणाला. "माझ्याजवळ जी आहे तीच टाकली. कसम से."

"मग जाम कशी झाली?"

जगदीशने काही उत्तर देण्याआधीच स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज आला. तिला मुद्दाम कोणाला दुखवायचं नव्हतं, ती आत बाबांशीच बोलत होती, पण खिडकी ती खिडकी. "मी आधीपासून म्हणत होते. तिकडचा माल तो. वरून अस्सल, आतून नकली. माणसंही तशीच." विठ्ठलवाडी-उल्हासनगरच्या बाजूबद्दल तेव्हा आमच्याकडे सगळेच असं बोलायचे, बनावट घड्याळांच्या आणि चपलांच्या गोष्टी सांगून हसायचे. त्या दिवशी कोणी हसलं नाही, पण कोणी 'नाही' असंही म्हटलं नाही. जगदीशने एकदा माझ्याकडे बघितलं. मी माझ्या गाडीच्या टायरकडे बघत राहिलो. त्याने केबल गुंडाळली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि तो निघून गेला. त्याचा डबा आमच्या ओट्यावर तसाच राहिला.

आमच्यातली मृणाल ठाण्याहून यायची. सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि आमच्या बेशिस्तीने तिचं डोकं आधीच उठलेलं होतं. ती म्हणाली, असं चालणार नाही. सगळ्यांनी एकच मूळ फाइल धरायची, प्रत्येक बदलाची नोंद ठेवायची, नावं द्यायची पद्धत एकच ठेवायची, आणि दुसऱ्याने तपासल्याशिवाय गाडीत काही भरायचं नाही. नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं मराठी बरं आणि अक्षर चांगलं. तिने सगळ्यांच्या फाइली मागवल्या आणि दोन आठवड्यांनी त्यांची तुलना करून मोठा कागद घेऊन आली. "बाकी शंभर ठिकाणी तुम्ही सगळे वेगळे आहात," ती म्हणाली, "पण हा एक आकडा सगळ्यांकडे सेम आहे, आणि तो चुकीचा आहे. शेजारचे बघा. एकशे चार, एकशे सहा, एकशे आठ, आणि मध्येच एकशे सत्तावीस. हे कंपनीने केलेलं नाही. कोणीतरी हाताने टाकलंय."

एकशे सत्तावीस ऐकलं आणि मला सगळं आठवलं. आमचा कोणाचाही पाइप फुटला असता तर तेच झालं असतं. आपलीच चूक आपल्याला लाल वर्तुळात दिसावी आणि ती दाखवणाऱ्याने आपल्याकडेच ते लिहून घ्यायला सांगावं, यासारखी शिक्षा नाही. कोणीतरी म्हणालं, सगळ्यांकडे जगदीशच्याच लॅपटॉपवरून फाइल आली, म्हणजे त्याचंच काम. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. हे लिहायला आजसुद्धा मला जड जातंय, पण हलवली. वड्याचं तेल वांग्यावर चाललं होतं आणि मी ताकास तूर लागू दिली नाही. पुढचे तीन आठवडे मी नियम लिहीत बसलो. नियम चौथा, बदल करणाऱ्याने आपलं नाव लिहावं. काय सुंदर अक्षरात लिहिला होता मी तो नियम!

शेवटी मला पकडलं ते बाबांनी. शुद्धलेखन बघायला म्हणून मी कागद त्यांच्याकडे दिले होते, त्यात मृणालचा तुलनेचा कागदही गेला. दुपारची जेवणं झाली होती, आई मागचं आवरत होती. बाबांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"हा आकडा काय आहे?"

"इंजिन किती तापलं की आवरायचं, त्याचा."

"कोणी टाकला?"

मी म्हटलं, "जगदीशने, बहुतेक."

बाबांनी कागद खाली ठेवला. एकोणतीस वर्षं ज्या नंबराच्या पुढे सही केली तो नंबर माणूस विसरत नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे ट्रिपचं, म्हणजे यंत्र कधी आपोआप बंद पडायचं त्याचं, सेटिंग बदलायचं तर आधीचा आकडा, नवा आकडा आणि दोघांच्या सह्या. एकदा माझी सही राहिली होती. सेटिंग बरोबर होतं, काही झालंही नाही. तरी साहेबांनी पुढच्या शिफ्टला मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. तू केव्हा उभा राहणार आहेस?"

मोरीजवळ भांडी थांबली. आईने सगळं ऐकलं होतं. ती पदराला हात पुसत आली आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे त्या पोराने काहीच केलं नव्हतं?" मी नाही म्हटलं. ती पाटावर बसली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्यावर ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी मी पार्किंगमध्ये सांगितलं. भाजीच्या टेम्पोपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं, आणि गेले तीन आठवडे मला माहीत होतं हेही. प्रसाद मारेल असं वाटलं होतं. तो मारायला उठला नाही. "चुकीबद्दल नाय बोलत मी," तो म्हणाला, "चूक माज्याकडनं पण झाली असती. पण तीन आठवडे तू गप बसलास, केद्या. मी त्याला आईवरनं शिव्या दिल्या." मृणाल कागद घडी करत होती, ती घडी करतच राहिली. त्या दिवशी मला कोणी जा म्हटलं नाही, पण कोणी माझ्या शेजारीही उभं राहिलं नाही.

त्याच दुपारी मी चपला घालत असताना आई बाहेर आली. नीट साडी नेसलेली, हातात पर्स. "विठ्ठलवाडीला जातोयस ना? मी येते." मी म्हटलं, अगं तू कशाला. ती म्हणाली, "खिडकीतून मी बोलले होते, तू नाही." गाडी काढायची मला हिंमत झाली नाही. आम्ही रिक्षाने कल्याणला गेलो आणि तिथून दुसऱ्या रिक्षाने पुढे. 

जगदीशचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. तो कसल्यातरी सर्किट बोर्डावर सोल्डरिंगचा डाग देत होता, राळेचा वास सुटला होता. आईला बघून तो उभा राहिला, स्टूल पुसून दिलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. माझं संपेपर्यंत तो डागच देत होता. मग त्याने डागणी स्टँडवर ठेवली, लॅपटॉप उघडून माझ्याकडे फिरवला. पडद्यावर एक फाइल होती.

"टिटवाळ्याचा एक कस्टमर आहे, डॉक्टर. नवी कोरी गाडी. त्याच्या गाडीतून मी रीड करून आणली. त्या रविवारनंतर दोन दिवसांत," तो म्हणाला. "ही असली ओरिजिनल. हिच्यात एकशे दहा आहे. तुझ्या पेनड्राइव्हच्या फाइलमध्ये एकशे सत्तावीस. तारीख पण आहे, पेनड्राइव्ह दिलास त्याच्या आधीची."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"कोण मानलं असतं?" तो आवाज न चढवता म्हणाला. "माल तिकडचा ना. मी म्हटलं, केद्याला माहीत असेल, केद्या येईल. पाच रविवार झाले यार."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई स्टुलावरून उठली. ती कोणाची माफी मागताना मी आयुष्यात पाहिली नव्हती, बाबांचीसुद्धा नाही. ती म्हणाली, "जगदीश, मी जे बोलले ते वाईट बोलले. तुझ्या घरचं खाऊन बोलले. मला माफ कर." जगदीश एकदम गडबडला, "आंटी, तुम्ही बसा ना, असं नका करू," म्हणाला, आणि पंखा तिच्याकडे वळवायला लागला.

मी लॅपटॉप ओढून घेतला आणि माझी ती फाइल निवडली, पुसून टाकायला. जगदीशने माझा हात धरला.

"डिलीट नाही करायची. नियम बनवताय ना तुम्ही लोक? मग ही पहिली नोंद. लिही. कोणी बदलली, काय बदललं, काय झालं."

मी लिहिलं. माझं पूर्ण नाव. मूळ आकडा एकशे दहा, बदललेला एकशे सत्तावीस, कारण भाजीच्या टेम्पोने ओलांडलं. परिणाम, प्रसादच्या गाडीचं इंजिन कसारा घाटात जाम, गाडीत तीन माणसं.

"और इल्जाम किसपे लगा, वो भी लिख," जगदीश म्हणाला.

मी तेही लिहिलं. आरोप जगदीशवर केला गेला, त्याचा दोष नव्हता. आईने पर्समधून चष्मा काढला, माझ्या खांद्यावरून वाकून सबंध नोंद सावकाश वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "आरोप केला गेला म्हणजे काय? कोणी केला? माझं नाव घाल."

मी मागे वळून बघितलं. ती खरंच सांगत होती. जगदीश नको नको म्हणत राहिला, पण ती हलेना, तेव्हा मी तिचं नाव टाइप केलं.

ते नियम पुढे ठाण्यात गेले, कल्याणला गेले, आमच्या ओळखीत नसलेल्या मुलांनीही उचलले. जगदीश परत आला. प्रसादचं इंजिन त्याने आणि बाबांनी मिळून उभं केलं. माझ्याशी तो बोलायचा, काम दाखवायचा, पण माझ्याकडून फाइल घेतली की माझ्यासमोर पुन्हा तपासून घ्यायचा. आजही घेतो, आणि मला ते दुखतं, आणि त्याचं बरोबर आहे. आईला जाऊन आता चार वर्षं झाली. ती इंजिनं जुनी झाली तरी अजून रस्त्यावर आहेत, आणि मागच्या महिन्यात एका अनोळखी मुलाने मला तीच नोंदींची फाइल कुठूनतरी मिळाली म्हणून पाठवली. पहिली नोंद जशीच्या तशी होती. त्याने विचारलं होतं, सर, यातल्या या सुलभाताई कोण, त्या कुठली गाडी ट्यून करायच्या? मी त्याला उत्तर लिहायला बसलो. अजून ते लिहून झालेलं नाही.